सोलापूरच्या चादर-टॉवेलवाल्या मालक लोकांना खुलं पत्र

प्रति,
सोलापुरातले समस्त चादर, टॉवेल, नॅपकिन काढणारे मालक लोक, सावकार लोक, आणि आता हळूहळू गादीवर बसायला लागलेली त्यांची पोरं-पोरी,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एका कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहे. कुठल्या ते सांगत नाही, उद्या कामावर जायचंय. रोज संध्याकाळी आणि रविवारी सकाळी पूर्व भागातल्या एका मोकळ्या ग्राउंडवर पोरांना फुटबॉल शिकवतो, शिकवतो म्हणजे काय, मी स्वतः कॉलेजपर्यंत खेळलो तेवढंच. सगळ्यांनी मिळून सोलापूरचा एक फुटबॉल क्लब काढावा, एवढं सांगायला हे पत्र. पत्रबित्र लिहायची सवय नाही, तरी वाचा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका एक्सपोर्टच्या पार्टीनं आमच्याकडं सॅम्पल म्हणून एक टॉवेल पाठवला, असाच पाहिजे म्हणून. वजनकाटा माझ्या टेबलावर असल्यामुळं जीएसएम, म्हणजे कापडाचं चौरस मीटरला किती ग्रॅम वजन ते काढायचं काम माझ्याच गळ्यात पडतं. टॉवेल पांढरा, एकदम साधा, कोपऱ्यात लाल-निळं छोटं लेबल. मालक म्हणाले एक तुकडा काप आणि बादलीत टाक. टाकला, आणि बघता बघता खाली. पाण्यावर टाकल्यावर पाच सेकंदात बुडला पाहिजे असा त्या लोकांचा नियमच आहे, नाही बुडला तर ते लेबल लावायला मिळत नाही. मग आपल्या मालाचा तुकडा टाकला. तो किती वेळ तरंगत होता ते इथं लिहीत नाही.

लेबलवरचं नाव होतं इमाबारी. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर टाकून बघितलं, म्हटलं बघू तरी कुठलं गाव आहे. जपानात शिकोकू नावाचं बेट आहे, त्यावर समुद्राकाठचं गाव, वस्ती दीड लाखाच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत आपलं सोलापूर साडेनऊ लाखाचं होतं त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढं. सव्वाशे वर्षांहून जास्त तिथं टॉवेलच विणतात. आणि त्या गावाची माहिती वाचत खाली गेलो तर टॉवेलच्या खालीच आलं, एफसी इमाबारी, प्रोफेशनल फुटबॉल क्लब. मला वाटलं चुकून दुसरं काहीतरी आलं. डबा तसाच राहिला त्या दिवशी, शेंगा चटणी आणि कडक भाकरी होती, संध्याकाळी ग्राउंडवर खाल्ली.

तर त्या क्लबची गोष्ट अशी. ताकेशी ओकादा म्हणून माणूस आहे, जपानच्या टीमचा कोच, १९९८ ला जपान पहिल्यांदा वर्ल्डकप खेळलं तेव्हा हाच कोच होता आणि २०१० ला साउथ आफ्रिकेत जपान शेवटच्या सोळात गेलं तेव्हा पण हाच. म्हणजे आपल्याकडं एखादा माणूस एवढा मोठा झाला असता तर टीव्हीवर बसून दुसऱ्यांच्या चुका काढत राहिला असता. हा २०१४ ला इमाबारीत आला आणि तिथला क्लब हातात घेतला. क्लब तेव्हा कुठं होता, तर शिकोकूच्या प्रादेशिक लीगमध्ये, वरून मोजलं तर पाचव्या पायरीवर. तिथून २०१७ ला चौथ्या पायरीवरच्या जेएफएल लीगमध्ये, २०२० ला जे-थ्री म्हणजे तिसऱ्या डिव्हिजनला, २०२५ ला जे-टू म्हणजे दुसऱ्या. अकरा वर्षं लागली तीन पायऱ्या चढायला. मध्ये २०२३ ला स्वतःचं स्टेडियम बांधलं, फार मोठं नाही, पाच हजाराच्या थोडं वर माणसं बसतात, आणि २०२४ ला क्लबच्या नावानं एक हायस्कूल पण सुरू केलं. टॉवेलच्या गावात.

आता तुम्ही म्हणाल जपानचं काय सांगतोस बे, तिथं पैसा आहे. हौ, आहे. पण इमाबारीचं पण आपल्यासारखंच झालेलं होतं हे लक्षात घ्या. चीन आणि व्हिएतनामचा स्वस्त माल आला आणि गावातले कारखाने शेकड्यानं बंद पडले. मग २००६ ला सगळे कारखानदार एकत्र बसले, गावाचं एकच लेबल काढलं, टेस्ट ठरवली, पास झाला तोच माल त्या नावानं विकायचा. आपल्या चादरीला आणि टर्किश टॉवेलला पण जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी नोंद आहे की, दोघांना आहे, पण मुंबईत फुटपाथवर सोलापुरी चादर म्हणून जी विकतात ती कुठनं येते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितेय. नाव आपलं आहे, पण नावाच्या मागं गाव एकत्र उभं नाही. माझं सगळं म्हणणं इथंच आहे, फुटबॉलच्या बाबतीत पण.

हे झालं टॉवेलचं. आता खरी मजा पुढं आहे, आणि ही मला फार उशिरा कळली.

सप्टेंबर २०२३ मध्ये पुण्याला बालेवाडीत एएफसी चॅम्पियन्स लीगची मॅच होती, आशिया खंडातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. मुंबई सिटीचं होम ग्राउंड तेव्हा बालेवाडी केलं होतं. त्यांच्याच ग्रुपात सौदीचं अल हिलाल, नेमारला घेतलेला क्लब, पण तो दुखापतीमुळं आलाच नाही आणि ती मॅच पण नव्या मुंबईत झाली, ते जाऊ द्या. आम्ही पहिल्या मॅचला गेलो, १८ तारीख, दुसऱ्या दिवशी गणपती बसणार होते. घरी बायको म्हणाली, उद्या गणपती आणि तुम्हाला आज फुटबॉल सुचतोय. ग्राउंडवरची चार पोरं घेऊन हुतात्मा एक्सप्रेसने गेलो, रात्री एसटीने परत. समोर इराणचा कुठलातरी क्लब, नस्साजी माझंदरान. नाव कधी ऐकलेलं नाही, पोरं म्हणाली आज आपण जिंकतोय सर. हारलो, ०-२. परतीच्या गाडीत टेंभुर्णीपर्यंत कोणी बोललं नाही.

पुढं कधीतरी ग्राउंडवर ही गोष्ट निघाली तेव्हा तिथं एक चाचा येऊन बसतात, जुने मागवाले, साठ वर्षं माग चालवला, आता नातवाला खेळायला घेऊन येतात. ते म्हणाले, क्या नाम बोला, नस्साजी? अरे नस्साज मतलब बुनकर. विणकर! मी घरी जाऊन बघितलं तर खरंच. इराणच्या उत्तरेला कायेमशहर म्हणून दोन लाखाच्या आसपास वस्तीचं गाव आहे, कापडगिरण्यांचं, आणि गिरणीवरनंच क्लबला नाव पडलं, १९५९ पासून चालू आहे. २०२२ ला त्यांनी इराणचा हाझफी कप जिंकला म्हणून ते आशियात खेळायला आले आणि येऊन पुण्यात आपल्या मुंबईला हरवून गेले. म्हणजे मालक, मी सोलापूरचा माणूस, मागाच्या आवाजात वाढलेला, चार तास प्रवास करून विणकरांची टीम बघायला गेलो आणि मी दुसऱ्या बाजूला ओरडत होतो.

त्यानंतर मला नादच लागला. कुठला क्लब दिसला की त्याचा धंदा काय ते बघायचं. उझबेकिस्तानात ताश्कंदचा पाख्ताकोर क्लब, त्या देशातला सगळ्यात नावाजलेला, तर पाख्ताकोरचा अर्थ कापूस पिकवणारा. १९७९ ला त्यांची टीम विमान अपघातात गेली, सतरा जण, तरी क्लब उभा राहिला आणि अजून आहे. कोरियात देगू म्हणून शहर आहे, ते पण कापडाचंच, तिथं २००२ ला लोकांना शेअर विकून क्लब काढला, गावातल्या साध्या माणसांनी शेअर घेतले, आणि २०१८ ला त्या क्लबनं कोरियाचा एफए कप जिंकला. इराणमध्येच इस्फहानचं सेपाहान हे पोलाद कारखान्याचं, तब्रीझचं ट्रॅक्टर हे नावाप्रमाणं ट्रॅक्टर फॅक्टरीचं, कोरियाचं पोहांग स्टीलर्स हे पण स्टीलचंच, आणि ते तीनदा आशियाचे चॅम्पियन आहेत. म्हणजे फुटबॉल हा सगळीकडं शिफ्ट सुटलेल्या माणसांचा खेळ आहे. आपल्याकडं तीन शिफ्ट चालतात आणि क्लब एक नाही.

बरं भारतात झालंच नाही असं पण नाही. पंजाबात फगवाड्याला जेसीटी म्हणून कापड मिल. त्यांची टीम होती, साधीसुधी नाही, १९९६-९७ ला देशात पहिल्यांदा नॅशनल फुटबॉल लीग झाली तिचे पहिले चॅम्पियन हेच. भारताचे एवढे नावाजलेले प्लेअर, भूतिया तिथं खेळला, विजयन तिथं खेळला. विचार करा, भारताची पहिली नॅशनल लीग एका कापडाच्या मिलनं जिंकली. आणि २०११ ला मिलवाल्यांनी टीम बंद करून टाकली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईची महिंद्रा युनायटेड बंद, ती पण चॅम्पियन टीम. मालकांना वाटलं तोपर्यंत चालवली, वाटेनासं झालं की बंद.

म्हणून मी तुमच्यापैकी कुणा एकाकडं हे मागत नाहीये. इथं जरा नीट वाचा, कारण मी ग्राउंडवर हे बोललो की लोकांना वाटतं मी स्पॉन्सर शोधतोय.

एका मालकाच्या खिशावर उभा केलेला क्लब म्हणजे एका खुंटीवरचा मांडव. चीनमध्ये बघा काय झालं. ग्वांगझू नावाचा क्लब, मोठ्या बिल्डर कंपनीनं घेतला, पाण्यासारखा पैसा ओतला, २०१३ आणि २०१५ ला आशियाचा चॅम्पियन झाला. बिल्डर बुडाला, आणि २०२५ च्या जानेवारीत क्लबला लायसन्स मिळालं नाही, संपला. जिआंग्सूचं तर त्याहून भारी, २०२० ची चायनीज लीग जिंकली आणि तीन-चार महिन्यात कुलूप. चॅम्पियन टीमला कुलूप. आपल्या पोरांना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी मस्करी करतोय.

जपानवाल्यांनी हे आधीच ओळखलेलं. १९९३ ला त्यांची जे-लीग सुरू झाली तेव्हा दहा क्लब होते, बहुतेक सगळे कंपन्यांच्या टीमा, मित्सुबिशी, टोयोटा असे. लीगनं सांगितलं नावात कंपनी चालणार नाही, गावाचं नाव लावा. मित्सुबिशीचं झालं उरावा रेड्स, टोयोटाचं नागोया ग्रॅम्पस. कंपनीनं पैसे द्यायचे, पण पोरगं गावाचं. आणि लीगनं शंभर वर्षांचा प्लॅन काढला, शंभर! आपल्याकडं पाण्याचा प्लॅन पाच दिवसाचा असतो. आज तिथं तीन डिव्हिजन मिळून साठ क्लब आहेत, त्यात इमाबारीसारखी गावं आहेत, त्यात मात्सुमोतो यामागा म्हणून क्लब आहे ज्याची सुरुवात १९६५ ला स्टेशनजवळच्या यामागा नावाच्या चहा-कॉफीच्या हॉटेलात बसणाऱ्या लोकांनी केली आणि तो क्लब दोनदा पहिल्या डिव्हिजनला जाऊन आला. हॉटेलात बसणारे लोक सोलापुरात कमी आहेत का, कन्ना चौकात सकाळी सातला या, दोन टीमा आणि रेफ्री उभे करता येतील.

आता तुमच्या मनात काय आहे ते सांगतो. भारतात फुटबॉलचं काय खरं नाही, पैसे पाण्यात. हे मला आमच्या मालकांनीच तोंडावर सांगितलं आणि त्यांचं चुकीचं नाही. २०२५ च्या जुलैत आयएसएल, म्हणजे देशातली सगळ्यात वरची लीग, होल्डवर गेली, भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आणि चालवणाऱ्या कंपनीचा करार संपत आलेला, सुप्रीम कोर्टात केस, टेंडर काढलं तर एक पण बोली आली नाही. डिसेंबरमध्ये मेस्सी वानखेडेवर येऊन गेला, पब्लिकनं हजारो रुपयांची तिकिटं काढली, आणि त्याच डिसेंबरमध्ये देशातली पहिल्या नंबरची लीग बंद पडलेली, प्लेअर घरी. त्याआधी तिच्या खालच्या आय-लीगचा चॅम्पियन कोण हे स्वित्झर्लंडच्या कोर्टानं ठरवलं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फिफानं भारतालाच सस्पेंड केलं होतं अकरा-बारा दिवस, आणि नेमक्या तेव्हा गोकुलम केरळाच्या पोरी आशियाई क्लब स्पर्धा खेळायला ताश्कंदला पोचलेल्या होत्या, त्यांना न खेळता परत यावं लागलं. वरच्या लोकांनी गोंधळ घातला आणि पोरी बॅगा घेऊन हॉटेलात बसल्या. मी दहा वेळा तरी विचार केला असेल त्या पोरींचा, कारण माझ्याकडं पण सात पोरी येतात आता.

पण मालक, वरती गोंधळ आहे म्हणून खाली काही करायचं नाही असं असतं तर कोल्हापूर कधीच बंद पडलं असतं. कोल्हापूरला कुठली आयएसएलची टीम आहे? एक नाही. तरी शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठाच्या पेठा बंद. तालमीच्या टीमा आहेत, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, पेठेतली माणसं वर्गणी काढून चालवतात. तिथनंच अनिकेत जाधव निघाला, २०१७ ला भारतात अंडर सेव्हन्टीन वर्ल्डकप झाला त्यात भारताकडून खेळला. आणि मुंबई सिटीनं एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये इराकच्या एअरफोर्स क्लबला २-१ हरवलं, भारतीय क्लबनं चॅम्पियन्स लीगमध्ये जिंकलेली ती पहिलीच मॅच, त्यातला विजयी गोल राहुल भेकेचा, मुंबईचा मराठी पोरगा, हेडर. ती क्लिप माझ्या मोबाईलमध्ये आहे. आमचा स्टॉपर झोपायच्या आधी बघतो म्हणे.

सोलापूरला पब्लिक नाही असं पण म्हणू नका. २०२४ च्या जानेवारीत पार्क स्टेडियमवर रणजी झाली, महाराष्ट्र-मणिपूर, लोक कामं सोडून गेले. गंमत म्हणजे देशाला ढिगानं फुटबॉलर देणारं मणिपूर, आणि आपण त्यांना क्रिकेट खेळताना बघितलं. मी काय क्रिकेटच्या विरोधात नाही, टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला तुमच्यातलेच लोक लाखाचं बक्षीस लावतात, डीजे लावतात, प्रमुख पाहुणे म्हणून येतात आणि आम्ही तुमचा टॉवेल-टोपी घालून सत्कार करतो. टॉवेल काढणाऱ्याच्याच गळ्यात टॉवेल. चालतंय. पण दुसऱ्या दिवशी त्या ग्राउंडवर मांडवाचे खड्डे राहतात आणि आमची पोरं त्यात पाय मुरगळून घेतात.

पोरं कोण आहेत ते पण सांगतो म्हणजे तुम्हाला परकं वाटणार नाही. आमचा गोलकीपर सकाळी मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरतो, तुमच्यातल्याच कुणाकडं. लेफ्ट विंगवाल्याची आई विड्या वळते. दोघं कुंभारीवरनं सायकलवर येतात, रे नगरच्या कामगार वसाहतीतून. ग्राउंडवर पास मागायला चार भाषा चालतात, तेलगूवाला म्हणतो इक्कड इक्कड, कानडीवाला इल्ली, कोणी इधर दे रे, आणि मराठीवाला नुसताच शिवी देतो. बॉल बरा घेतला तर हजार-बाराशेला पडतो आणि आमच्या खडीवर दीड महिना टिकतो. बूट नऊ जोड आहेत, खेळतात चोवीस जण, त्यामुळं साईजप्रमाणं अदलाबदल, हाफटाइमला अर्धा वेळ बूट काढण्यात जातो. गोलपोस्ट पाइपचे होते, दोन वर्षांपूर्वी एका मंडळानं मांडवाला नेले ते आलेच नाहीत, आता विटा ठेवतो. ग्राउंडसाठी एका ऑफिसात तीन अर्ज दिले, तिन्ही वेळा पोचपावती मिळाली, एवढं मात्र आहे की पोचपावती देतात.

आणि ह्या पोरांच्या अंगावर काय असतं माहितेय का, पिवळी जर्सी, सात नंबर, सौदीचा अल नस्र क्लब, रोनाल्डो. दीडशे रुपयात मिळते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अल नस्र गोव्यात फातोर्डाला एफसी गोवाशी खेळायला आलं, रोनाल्डो आला नाही, तरी गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसनं त्यांना गोल मारला, मॅच १-२ हारली पण काय खेळले. विमानाला आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, विमान सुरू झालं, आता सोलापूरवरनं गोव्याला उडता येतं म्हणे. म्हणजे दुसऱ्याचा क्लब बघायला जायची सोय झाली.

तर मागणं काय आहे.

एक क्लब काढूया, नावात फक्त सोलापूर पाहिजे. कुणाच्या आजोबांचं नाव नाही, कुठल्या टेक्सटाइलचं नाव नाही, कुठल्या पार्टीच्या नेत्याचं तर अजिबात नाही. रीतसर संस्था नोंदवायची. तीस-चाळीस कारखान्यांनी थोडे थोडे द्यायचे, दिवाळीला कामगारांना बोनसबरोबर मिठाईचा बॉक्स देता त्या एका खर्चाएवढे समजा वर्षाला, कुणालाच जड जाणार नाही आणि उद्या एकानं हात काढला तर क्लब पडणार नाही. देगूसारखं कामगारांना पण शंभर-शंभरची मेंबरशिप द्या, मी पहिली पावती फाडतो. हिशोब दर महिन्याला ग्राउंडच्या गेटवर बोर्डावर लावायचा, मोठ्या अक्षरात, कारण सोलापुरात वर्गणी म्हटलं की लोकांचा हात खिशाऐवजी कपाळाला जातो.

आयएसएल बियएसएल डोक्यातनं काढा. पहिली पाच वर्षं फक्त तेरा वर्षांखालची पोरं आणि पोरी, पोरी पहिल्या दिवसापासून, नंतर बघू नाही. एक कोच पगारावर, फेडरेशनचं निदान डी लायसन्स असलेला, माझ्यासारखा हौशी नाही, मी खुशीनं बाजूला होतो आणि बूट सांभाळतो. एक ग्राउंड, खडी काढलेलं, दोन हॅलोजन, कारण पोरी संध्याकाळी साडेसहानंतर अंधारात थांबू शकत नाहीत आणि त्यांच्या आया बरोबर बोलतात त्याबद्दल. ग्राउंडचं म्हणाल तर तुम्ही एकत्र जाऊन बसलात तर जागा मिळते, मला पोचपावती मिळते, हा फरक आहे. काशीचं उदाहरण बघा, वाराणसीच्या नावानं २०२३ ला इंटर काशी क्लब निघाला, ते पण विणकरांचंच शहर, बनारसी साडीचं, टीम चांगली आहे पण होम मॅचेस खेळली बंगालात कल्याणीला. काशीच्या पोरानं आपली टीम बघायची कुठं? म्हणून ग्राउंड आधी, टीम नंतर.

आणि धंद्याचं बोलायचं तर बोलतो, तुम्हाला तेच लवकर कळतं, राग मानू नका. जगभर फुटबॉलला लोक गळ्यात लोकरीचा स्कार्फ घालतात. जपानमध्ये उन्हाळ्यात लोकर कोण घालणार, म्हणून तिथं पब्लिक टॉवेल मफलर वापरतं, लांब अरुंद टॉवेल, त्यावर क्लबचं नाव विणलेलं, घाम पण पुसतो आणि गोल झाला की डोक्यावर फिरवतो. हजारो माणसं एकदम टॉवेल फिरवताना बघा एकदा, व्हिडिओ आहेत. माझ्या तर डोळ्यात पाणी आलं, खोटं नाही, मला वाटलं हे तर आपलं काम आहे, आपल्या जेकार्डवर, नक्षी विणायच्या मागावर, हे एका दुपारी निघेल. केरळात, कोलकात्यात, गोव्यात एवढी पब्लिक आहे, सगळीकडं उकाडा, आणि अजून कुणाला हे सुचलेलं दिसत नाही. डिझाइन मी काढून ठेवलंय, सोळा बाय शंभर सेंटीमीटर, दोन रंग. आमच्या मालकांना दाखवलं तर म्हणाले क्वांटिटी किती. आता क्वांटिटी कुठनं सांगू, क्लबच नाही.

असो, फार लांबलं. रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही ग्राउंडवर असतो. पाण्याचा वार असला तर सात वाजतात कारण निम्मी पोरं घागरी भरून येतात. सत्कार नाही, माईक नाही, खुर्ची पण एकच आहे आणि तिच्यावर चाचा बसतात. नुसतं या, कडेला उभं राहून एक मॅच बघा, पाणी आणि कुणाकडं जुने बूट पडले असतील तर आणा, सहा आणि सात नंबर लागतात.

आपला,
पॅकिंग खात्यातला एक माणूस
सोलापूर